ऑटोक्रॉससाठी घरचीच मोटार : कोणते बदल करावेत, कोणते टाळावेत

तंजावूरहून तिरुचिरापल्ली आणि करूरमार्गे कोइम्बतूर सुमारे २७० किलोमीटर अंतरावर आहे. ऑटोक्रॉस या मोटारक्रीडेत प्रथमच उतरू पाहणाऱ्या तंजावूरच्या तरुण चालकासाठी हे अंतर स्पर्धेतील सेकंदांइतकेच महत्त्वाचे ठरते. ज्या मोटारीतून तो स्पर्धेला जातो, त्याच मोटारीतून त्याला रात्री घरी परतायचे असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीतून कुटुंबातील कोणाला तरी रेल्वे स्थानकावर सोडायचे असते. शर्यतीची मोटार मालवाहू वाहनावर चढवून नेणारे व्यावसायिक संघ वेगळे. नवशिक्या स्पर्धकाची मोटार प्रथम घरची असते, नंतर स्पर्धेची. मोटारीत कोणते बदल करावेत, या प्रश्नाचे उत्तर याच वस्तुस्थितीपासून सुरू होते.

भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावूर शहरात मोटारशर्यतींसाठी कायमस्वरूपी मार्ग नाही. मात्र तामिळनाडू राज्य हे भारतीय मोटारक्रीडेचे जुने माहेरघर मानले जाते. चेन्नईजवळील शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा स्वतंत्र मार्ग सुरू झाला. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयम येथील कारी मोटर स्पीडवे हा मार्ग एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर चालणारी एकआसनी शर्यतीची मोटार घडविली होती आणि त्या 'फॉर्म्युला मारुती'ने देशातील अनेक चालकांना पहिले धडे दिले. घरगुती मोटारीच्या इंजिनातून शर्यतीचे शिक्षण घेण्याची परंपरा या राज्यात अशी जुनीच आहे. देशातील मोटारक्रीडेचे नियंत्रण करणाऱ्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संघटनेचे मुख्यालयही चेन्नईतच आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

मोकळ्या पटांगणावर, धावपट्टीवर किंवा वाहनतळावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा एक तात्पुरता मार्ग आखण्यात येतो. एका वेळी एकच मोटार या मार्गावरून धावते आणि तिची स्पर्धा केवळ घड्याळाशी असते. शंकूला धक्का लागल्यास वेळेत दंडाचे सेकंद मिळविले जातात. मार्ग चुकल्यास ती फेरी बाद होते. अमेरिकेत एका शंकूसाठी दोन सेकंदांचा दंड रूढ आहे. भारतात काही स्पर्धा डांबरी किंवा सिमेंटच्या पृष्ठभागावर, तर काही मातीवर होतात. प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी असते. सर्वसाधारणपणे इंजिनाच्या क्षमतेनुसार मोटारींचे वर्ग पाडले जातात. मोटारीत केलेले बदल तिला अधिक कठीण वर्गात नेऊ शकतात, ही बाब नवशिके स्पर्धक बरेचदा पैसे खर्च करून झाल्यावर वाचतात.

या खेळात सरळ पट्टे लहान असतात. बहुतेक मार्ग पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्येच पूर्ण होतो. त्यामुळे इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोटार किती चपळाईने वळते, यावर निकाल अवलंबून असतो. लहान मोटारीला येथे खरी संधी असते. ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली ब्रिटिश 'मिनी' ही मोटार १९५९ मध्ये बाजारात आली. इंजिन आडवे बसवून पुढील चाकांना गती देण्याच्या तिच्या रचनेमुळे अवघ्या दहा फुटांच्या मोटारीत चार माणसे बसू शकली. याच मोटारीने १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षी मॉन्टे कार्लो रॅली जिंकून बलाढ्य मोटारींना मागे टाकले. भारतात ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींची मागील चाके फिरत असत. डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ घन सेंटिमीटर इंजिनाची मारुती ८०० आली आणि पुढील चाकांवर धावणारी लहान मोटार घरोघरी पोहोचली. आज देशातील बहुतेक लहान मोटारी याच पद्धतीच्या आहेत.

पुढील चाकांवरील दुहेरी भार

या रचनेत इंजिन, गिअरबॉक्स आणि गती देणारी यंत्रणा पुढे एकवटलेली असते. मोटारीच्या एकूण वजनापैकी साठ टक्के किंवा त्याहून अधिक भार पुढील चाकांवर पडतो. मोटार ओढणे, तिला वळविणे आणि थांबविण्याचे बहुतांश काम करणे, अशा तिन्ही जबाबदाऱ्या पुढील दोन टायरांवर असतात. टायरची पकड मर्यादित असते. ती वेग कमी करण्यात खर्ची पडली तर वळण्यासाठी उरत नाही; वळताना पुरी वापरली गेली आणि त्याच क्षणी चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, तर पुढील टायर घसरू लागतात. स्टिअरिंग पूर्ण वळवूनही मोटार वळणाच्या बाहेरच्या दिशेने सरकत राहते. या प्रकाराला 'अंडरस्टिअर' असे म्हणतात. नवशिका चालक अशा वेळी स्टिअरिंग आणखी वळवितो. त्याने काहीच साध्य होत नाही. टायर मात्र झिजतो.

जड वाहन वळविणे किती अवघड असते, याची तंजावूरकरांना वेगळी जाणीव असावी. बृहदीश्वर मंदिराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तामिळनाडूतील मंदिरांचे रथ वळविताना चाकांखाली लाकडी पाचरी सरकवितात आणि चाक व जमीन यांच्यातील घर्षणाच्या बळावरच रथाची दिशा बदलते. मोटारीतही अखेरचा निर्णय जमिनीला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार जागांवरच होतो. म्हणूनच सर्वप्रथम टायरचा विचार करावा लागतो.

खर्चाआधीची तयारी

पहिल्या स्पर्धेसाठी मोटारीत काहीही नवीन बसविण्याची गरज नसते. असलेले सर्व भाग सुस्थितीत आहेत याची खात्री करणे आवश्यक असते. चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे, बॅटरीची पकड, चाकांचे नट आणि टायरच्या बाजूवरील चिरा तपासाव्यात. झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर बदलून कंपनीचेच नवे बसविले, तरी जुन्या मोटारीच्या वर्तनात लक्षणीय सुधारणा होते. हा खर्च रोजच्या प्रवासातही उपयोगी पडतो.

ब्रेक ऑइलकडे विशेष लक्ष द्यावे लागते. हे द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. आर्द्रता शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे अनुक्रमे २०५ आणि १४० आहेत. वारंवार जोराने ब्रेक दाबल्यास ऑइल तापते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पायाखालचे पेडल एकाएकी मऊ पडते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील दमट हवेत आणि ईशान्य मोसमी पावसाच्या तीन महिन्यांनंतर जुन्या ऑइलवर विसंबून स्पर्धेत उतरणे धोक्याचे आहे. काही शे रुपयांत होणारे हे काम आकर्षक नाही, म्हणून ते मागे पडते.

ब्रेक पॅडबाबतही संयम इष्ट आहे. शर्यतीसाठी बनविलेले पॅड तापल्यावरच नीट काम करतात. एका मिनिटाच्या ऑटोक्रॉस फेरीत ते तापत नाहीत आणि सकाळी बाजारपेठेतून जाताना तर मुळीच नाहीत. मूळ प्रतीचे, पुरेशी जाडी असलेले पॅड नवशिक्यासाठी पुरेसे असतात. अनेक लहान मोटारींच्या मागील चाकांना ड्रम ब्रेक असतो. त्याजागी डिस्क बसविण्याचेही कारण नाही, कारण या मोटारी थांबविण्याचे काम मुख्यतः पुढील चाकेच करतात. उलट मागील ड्रमला जोडलेल्या हँडब्रेकची तार नीट ताणून घेणे उपयुक्त ठरते. अगदी अरुंद, उलट फिरविणाऱ्या वळणावर अनुभवी चालक क्षणभर हँडब्रेक ओढून मोटारीचा मागचा भाग वळवितात. पुढील चाके फिरत असल्यामुळे या मोटारींत ही युक्ती शक्य होते. नवशिक्याने ती मोकळ्या मैदानावर शिकून घ्यावी आणि ती केवळ तेथेच वापरावी.

टायर आणि हवा

टायर हा सर्वांत परिणामकारक बदल आहे. नवा, मऊ रबराचा दर्जेदार टायर जे देतो ते इंजिनावरील कोणताही खर्च देऊ शकत नाही. अनेक टायरांच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' असा एक आकडा छापलेला असतो. आकडा जेवढा कमी, तेवढे रबर सर्वसाधारणपणे मऊ आणि झीज लवकर. अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या 'स्ट्रीट' गटात हा आकडा किमान २०० असावा, अशी अट आहे. रस्त्यावरील मोटारीने रस्त्यावरच्याच टायरांवर स्पर्धा करावी, हा त्यामागील हेतू आहे. भारतात लहान मोटारींना मिळणाऱ्या टायरांचा आकडा बहुधा याहून बराच अधिक असतो, कारण ग्राहक टायर किती हजार किलोमीटर चालेल हे प्रथम विचारतो.

आकार निवडताना त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीने स्वतः दिलेला आकार घेणे सर्वांत सुरक्षित. चाकाचा एकूण व्यास बदलला तर वेगदर्शक चुकीचा वेग दाखवितो. टायर अतिरुंद असेल तर तो वळताना मडगार्डला घासतो आणि स्टिअरिंग जड होते. कोरड्या डांबरावर थोडा झिजलेला टायर नव्यापेक्षा अधिक घट्ट पकड देतो, कारण त्याचे उंचवटे कमी डुलतात. परंतु मोटारींसाठी खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि पावसाळी रात्री करूरच्या रस्त्यावर ती त्याहून अधिक असलेली बरी.

टायरमधील हवा ही तर विनामूल्य सुधारणा आहे. जोरात वळताना टायर कडेवर मुडपतो. दारावरील पट्टीवर छापलेल्या प्रमाणापेक्षा पुढील टायरांत चार ते सहा पीएसआय अधिक हवा भरल्यास हे मुडपणे कमी होते. मात्र टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडता कामा नये. योग्य प्रमाण शोधण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. टायरच्या कडेवर खडूने तीन-चार आडव्या रेघा माराव्यात. फेरीनंतर रेघ जेथपर्यंत पुसली गेली असेल, तेथपर्यंत टायर मुडपला असे समजावे. बाजूच्या भागापर्यंत रेघ पुसली असल्यास हवा कमी आहे. काठावरची रेघ तशीच राहिली असल्यास ती जास्त आहे. हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. पाच-सहा अंश सेल्सियसमागे सुमारे एक पीएसआय, असे त्याचे स्थूल प्रमाण आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या डांबरावर फेऱ्या सुरू झाल्या की सकाळी भरलेली हवा दुपारी तेवढीच राहत नाही. त्यामुळे दाबमापक हे स्पर्धकाचे पहिले हत्यार ठरते.

चाकांचे कोन आणि मागचा भाग

यानंतर व्हील अलाइनमेंटचा क्रम लागतो. पुढील दोन्ही चाकांची तोंडे किंचित बाहेरच्या बाजूला असतील, तर मोटार वळणात चटकन शिरते. हा बदल शहरातील कोणत्याही चांगल्या केंद्रावर होऊ शकतो. मात्र महामार्गावर अशी मोटार सतत इकडेतिकडे ओढली जाते आणि टायर आतील कडेवर झिजतात. कंपनीने ठरविलेल्या मर्यादेच्या आतच, तीही थोडीच, ही जुळणी ठेवणे घरच्या मोटारीला मानवते. चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला झुकविण्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वळताना मोटार बाहेर कलते तेव्हा हा झुकाव टायरला जमिनीवर सपाट टेकवितो. पुढील टायरांना याचा मोठा लाभ होतो. परंतु बहुतेक लहान मोटारींत कॅम्बर बदलण्याची सोय कारखान्याने दिलेली नसते. त्यासाठी वेगळे बोल्ट लागतात. हे काम दुसऱ्या किंवा तिसऱ्या हंगामासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

अंडरस्टिअर कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे मोटारीचा मागचा भाग अधिक कडक करणे. मागे जाड अँटिरोल बार बसविल्यास वळणात भार वेगळ्या प्रकारे वाटला जातो, पुढचे आतील चाक जमीन सोडत नाही आणि मोटार अधिक वळते. कित्येकदा मागचे आतील चाक हवेत उचललेले दिसते. छायाचित्रांत ते नाट्यमय वाटते. पुढील चाकांवर धावणाऱ्या मोटारीसाठी ते अपायकारक नसते. अडचण निराळी आहे. अशी मोटार वळणात असताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर मागचा भाग अचानक बाहेर फेकला जातो. शंकूंच्या मैदानावर त्याची किंमत दोन शंकू असते. पावसात ओल्या महामार्गावर समोर बैलगाडी दिसल्यावर पाय काढला, तर किंमत वेगळी असते. घाबरून पाय काढण्याची सवय नवशिक्याची असतेच. ती मोडण्याआधी मागचा भाग कडक करू नये.

वळणात आतील पुढचे चाक जागीच फिरू लागते, ही या मोटारींची आणखी एक मर्यादा. त्यावर मर्यादित घसरणीचा डिफरेन्शियल हा उपाय आहे. पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च जुन्या मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. त्यापेक्षा स्टिअरिंग सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर दाबण्यास थांबणे स्वस्त पडते. नव्या मोटारींत असलेली इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली पहिल्या काही स्पर्धांत बंद न केलेलीच बरी. ती कोठे हस्तक्षेप करते, यावरून चालकाची चूक कोठे होते हे कळते.

टाळावेत असे बदल

स्प्रिंग कापून मोटार बुटकी करण्याचा प्रकार अनेक गॅरेजांत चालतो. कापलेली स्प्रिंग आपल्या खोबणीतून सुटू शकते. शिवाय मोटार फार खाली आणल्यास पुढील चाकांचे आडवे दांडे वर कलतात आणि वळताना मोटार उलट अधिक कलंडू लागते. दिसायला शर्यतीची, वागायला ओझ्याच्या हातगाडीसारखी, अशी तिची अवस्था होते. रस्त्यावरील गतिरोधकांचा प्रश्न वेगळाच. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर यांनी लहान इंजिनाची ताकद नगण्य वाढते. शेजाऱ्यांची नाराजी मात्र निश्चित वाढते. संरक्षक पोलादी पिंजरा हाही रोजच्या मोटारीत बसवू नये. हेल्मेट नसलेल्या प्रवाशाचे डोके अपघातात त्याच दांड्यावर आदळू शकते.

येथे कायद्याचा प्रश्नही उपस्थित होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असे बदल मालकाला करता येत नाहीत. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद करण्यात आली. टीएन ४९ या तंजावूरच्या क्रमांकाची मोटार असो किंवा पुण्याची, नियम एकच आहे. टायरमधील हवा, ब्रेक ऑइल, मूळ प्रतीचे पॅड, कंपनीच्या मर्यादेतील अलाइनमेंट आणि कंपनीनेच दिलेल्या आकाराचे टायर या गोष्टी या कलमाच्या कक्षेत अडकत नाहीत. नवशिक्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी याच आहेत.

विम्याकडे तर बहुतेकांचे दुर्लक्षच होते. भारतातील खासगी मोटारींच्या प्रमाणित विमापत्रात संघटित शर्यती, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठी होणारा वापर वगळलेला असतो. म्हणजे शंकूंच्या मार्गावर मोटारीचे नुकसान झाल्यास ते मालकाच्या खिशातून भरावे लागते. परतीच्या प्रवासात अपघात झाला आणि मोटारीत न कळविलेले बदल आढळले, तर विमा कंपनीकडून दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो. मोटार वडिलांच्या नावावर असेल, तर हा परिच्छेद त्यांनाही वाचावयास देणे योग्य होईल. सार्वजनिक रस्त्यावर सराव करण्याचा विचार तर मनातही आणू नये. तो कलम १८९ नुसार गुन्हा आहे.

स्पर्धेच्या दिवशी

मैदानावर पोहोचल्यावर मोटार रिकामी करावी. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायपुसणी आणि डॅशबोर्डवरील मूर्तीसुद्धा काढून ठेवावी. सैल वस्तू वळणात पेडलखाली गेल्यास ब्रेक लागत नाही. स्टेपनी आणि अवजारे काढल्याने मागील वजनही कमी होते. हेल्मेट चांगल्या प्रतीचे आणि घट्ट बसणारे असावे. आसन इतके पुढे घ्यावे की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. मार्ग पायी फिरून पाहण्याची संधी मिळते, ती अजिबात दवडू नये. शंकूंची ओळ उभे राहून जशी दिसते तशी मोटारीत बसल्यावर दिसत नाही, म्हणून अनेक चालक मध्येच खाली बसून मार्ग न्याहाळतात.

पहिली फेरी हळू करावी. वळणाआधीच, चाके सरळ असताना ब्रेक दाबून तो सोडावा, मग वळावे आणि मोटार सरळ होऊ लागल्यावर वेग वाढवावा. पुढील टायरांना एका वेळी एकच काम दिले की बहुतेक नवशिक्यांची वेळ काही सेकंदांनी घटते. दोन टायरांच्या किमतीत एवढी घट मिळेल याची खात्री देता येत नाही.

अखेरची फेरी संपल्यावर इंजिन आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ब्रेकवर लगेच हँडब्रेक ओढून ठेवू नये. टायर पूर्ण निवल्यावर हवा मूळ प्रमाणावर आणावी, चाकांचे नट पुन्हा तपासावेत, टायरच्या कडेला फाटलेले रबर किंवा रुतलेला खडा नाही ना ते पाहावे. स्टेपनी आणि जॅक जागेवर ठेवावेत. कोइम्बतूरहून सायंकाळी सहाला निघालेल्या मोटारीला तंजावूर गाठण्यास मध्यरात्र होऊ शकते. दिवसभर शंकूंमधून वेगाने वळण घेतलेल्या चालकाला करूरनंतरचा मोकळा रस्ता फारच संथ वाटू लागतो. सोबत दुसरा परवानाधारक चालक असल्यास परतीच्या प्रवासात स्टिअरिंग त्याच्याकडे द्यावे.